टेक्स्ट एडिटर : टर्मिनलवरून उघडणे व मांडणी

टर्मिनलमध्ये (संगणकाला आज्ञा टंकून देण्याच्या विंडोत) कमांड टंकून स्वतंत्र विंडोत चालणारा टेक्स्ट एडिटर सुरू करणे, तसेच त्याचा फाँट, भाषा, विंडोचा आकार इ. गोष्टी कमांडच्या ऑप्शनांनी, पर्यावरण-चलांनी (सुरू होताना प्रोग्रॅम वाचतो अशा नाव दिलेल्या मूल्यांनी) किंवा सेटिंग फाइलने ठरवणे. जीव्हिम, ईमॅक्स, जीएडिट, केट, व्हीएस कोड हे अशा रीतीने वापरले जाणारे प्रमुख एडिटर होत. मेन्यूत जाऊन क्लिक करण्याची रीत सर्वपरिचित असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. कमांडची नावे या नोंदीत उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

उगम : या रीतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत तो झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातील ऑल्टो संगणकावरील ब्राव्हो (१९७४) या एडिटरपाशी नेते. बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांच्या या एडिटरात कागदावर दिसेल तसाच मजकूर पडद्यावर दिसे, आणि तो ऑल्टोच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ या कमांड-प्रोग्रॅममध्ये नाव टंकूनच सुरू होई. मात्र ऑल्टोवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. ब्राव्हो सुरू झाला की एक्झिक्युटिव्ह बाजूला पडे. एडिटर एका विंडोत आणि प्रॉम्प्ट (कमांड टंकण्याची जागा) दुसऱ्या विंडोत, असे चित्र तेथे नव्हते. दुसरे मत बेल लॅबोरेटरीजच्या ब्लिट टर्मिनलला (मुख्य यंत्राला जोडायचे पडदा व कळफलक असलेले उपकरण, सु. १९८२) अग्रमान देते. रॉब पाइक व बार्ट लोकँथी यांच्या या टर्मिनलवर अनेक विंडो एकाच वेळी उघडता येत. पाइक यांचा ‘जिम’ हा एडिटर अंशतः टर्मिनलमध्ये व अंशतः मूळ युनिक्स यंत्रावर चाले. त्याचाच पुढचा वंशज ‘सॅम’. एडिटर उघडा असताना शेललाही (टंकलेल्या कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) काम सांगता येणे हे या रीतीचे मर्म मानले, तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीपासून आरंभ धरणारे तिसरे मतही आहे. पण एक्सने ही रीत निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा ती सर्वत्र नेली असे म्हणणे योग्य.

एडिटरांचे वय आणि त्यांच्या विंडोंचे वय यांतही गल्लत होते. बिल जॉय यांचा व्हीआय १९७६ चा, ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिमची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ ची, पण व्हिमला स्वतःची विंडो मिळाली ती ४.० या आवृत्तीत (१९९६). जीव्हिम हा वेगळा प्रोग्रॅम नव्हे. व्हिमलाच -जी हा ऑप्शन दिल्यासारखे ते दुसरे नाव आहे. म्हणूनच तो आधी व्हिमआरसी ही सामाईक सेटिंग फाइल वाचतो आणि मग जीव्हिमआरसी ही विंडोपुरती. फाँट पहिल्या फाइलीत ठेवून दुसरीत पुन्हा लिहिला असेल, तर दुसरीचे चालते.

प्रॉम्प्ट परत मिळणे : कमांडच्या शेवटी & हे चिन्ह दिल्यास एडिटर पार्श्वभूमीवर जातो व प्रॉम्प्ट लगेच मोकळा होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या सी भाषेच्या धड्यांत जीएडिट याच चिन्हासह उघडला जातो, आणि हे धडे मराठीतही आहेत. जीव्हिमला & लागत नाही; तो स्वतःच टर्मिनलपासून सुटा होतो. हा गुण गिटसारख्या (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या) प्रोग्रॅमपुढे मात्र दोष ठरतो. गिट संदेश लिहिण्यासाठी एडिटर उघडतो आणि तो बंद होण्याची वाट पाहतो. एडिटर क्षणात ‘परत’ आला, तर गिटला संदेश रिकामा दिसतो आणि कमिट (बदलांची नोंद) रद्द होते. त्यामुळे ‘व्हिज्युअल’ किंवा ‘एडिटर’ या पर्यावरण-चलांत जीव्हिमचे नाव -एफ या ऑप्शनासह लिहावे, व्हीएस कोड व जीएडिट यांना --वेट द्यावे, केटला --ब्लॉक.

दूरच्या यंत्रावरील एडिटर एसएसएच या दूरच्या यंत्राशी जोडणाऱ्या कमांडच्या -एक्स ऑप्शनाने आपल्या पडद्यावर आणता येतो. एक्सच्या संदेशांची ये-जा फार असल्याने नेट मंद असल्यास मेन्यू उघडायलाही वेळ लागतो, आणि तेथे साधा व्हिम बरा. विंडो कोणत्या पडद्यावर उघडायची हे सांगणारे ‘डिस्प्ले’ हे चल रिकामे असल्यास विंडो उघडतच नाही. सिस्टिमच्या फाइलींसाठी सुडोने थेट जीएडिट चालवण्याची सवय टाळावी : एडिटर रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालतो आणि आपल्या होम फोल्डरमधील सेटिंग फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसण्याचा संभव असतो. त्यासाठी सुडोएडिट आहे.

नागरी मजकुराची मांडणी : कोकणात या विषयाला वेगळे महत्त्व येते ते एका शब्दजोडीमुळे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतील खोल घळी. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात अशी रूपे येथील कोणत्याही मजकुरात पावलोपावली येतात. हिंदीला या अर्ध्या ‘ऱ’ची गरज नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फाँटांत तो अनेकदा राहून जातो.

युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या मानकात) हे अक्षर साधण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. भारतीय मानक इस्कीला धरून असलेला मार्ग म्हणजे ऱ (संकेतांक ०९३१), त्यानंतर हलन्त चिन्ह. दुसरा, युनिकोड २.० शी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला : साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह). शिवाय ऱ हे अक्षर र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे फोडूनही लिहिता येते व ते मूळ अक्षराशी समतुल्य धरले जाते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत पहिल्या प्रकारचा ‘दऱ्या’ १५ बाइटचा, उरलेले दोन्ही १८ बाइटचे. ‘दर्या’देखील १५ बाइटचाच आहे, म्हणजे फाइलीचा आकार पाहून समुद्र व घळी वेगळ्या कळायच्या नाहीत. एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर बहुतेक एडिटरांत सापडत नाही, आणि ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडलाही सापडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे ही कळ दाबली की ऱ थेट मिळतो. नव्या मजकुरासाठी हाच मार्ग धरावा. जुनी फाइल तपासताना जीव्हिममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून जी व ८ या कळा क्रमाने दाबल्यास त्याचे बाइट दिसतात.

दुर्दैवाने जिथे बाइट इतके सहज दिसतात तिथेच अक्षर नीट दिसत नाही. जीव्हिम पडद्याची समान रुंदीची घरे पाडतो व त्यांत अक्षरे बसवतो; जोडाक्षरे त्या घरांत मावत नाहीत आणि तुटलेली दिसतात. फाँट बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष फाँटाचा नसतो. ईमॅक्सने २७ व्या आवृत्तीपासून (२०२०) हार्फबझ ही अक्षरजुळणी स्वीकारली. त्यात नागरीपुरता वेगळा फाँट सेट-फाँटसेट-फाँट या एका ओळीने नेमता येतो, आणि इनस्क्रिप्टही एडिटरच्या आतच मिळतो. जीएडिट व केट यांना जोडाक्षरांची अडचण नाही.

जीएडिटचा फाँट जीसेटिंग्ज या कमांडने बदलतात. त्याआधी ‘सिस्टिमचा फाँट वापरा’ ही निवड त्याच कमांडने बंद करावी लागते. ती चालू ठेवून फाँटाचे नाव दिले, तर कमांड मुकाट्याने यशस्वी होते आणि पडद्यावर काही बदलत नाही. नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या ४२ व्या आवृत्तीपासून (२०२२) जीएडिटची जागा दुसऱ्या एडिटरने घेतली असून त्याच्या सेटिंगची नावे निराळी आहेत.

टर्मिनलवरून उघडण्याचा खरा फायदा येथे दिसतो : सेटिंग त्या एका वेळेपुरते देता येते. जीएडिटच्या नावाआधी त्याच ओळीत ‘लँग’ हे चल मराठी-भारताचे करून टंकले, तर, जीएडिट आधीच उघडा नसल्यास, तेवढ्या वेळेपुरता तो मराठी मानून उघडतो. भाषांतर बसवलेले असल्यास मेन्यू मराठीत येतात, आणि फाँटात सोय असल्यास ल व श यांची मराठी वळणेही. सिस्टिमवर मराठी लोकेल (भाषा व प्रदेशाची सेटिंग) तयार केलेले असणे आवश्यक. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत (२००८) आले. त्याआधीच्या फाइलींत त्याच्या जागी अ व चंद्र वेगवेगळे सापडतात.

विंडोजवर नोटपॅड हे नाव व फाइलीचे नाव एवढे पुरते. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून तो नवी फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवतो.

वीज व स्वॅप फाइल : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात ती केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॅटरी उतरलेल्या लॅपटॉपवर न जपलेला (सेव्ह न केलेला) मजकूर किती वाचेल हे एडिटरच्या सेटिंगवर ठरते. व्हिम २०० अक्षरे टंकल्यावर किंवा हात ४ सेकंद थांबल्यावर स्वॅप फाइल (न जपलेल्या मजकुराची तात्पुरती फाइल) लिहितो. ईमॅक्स सुमारे ३०० कळांनंतर किंवा ३० सेकंद शांततेनंतर. जीएडिटमधील आपोआप जपण्याची सोय मुळात बंद असते आणि चालू केल्यावरही तिचे अंतर १० मिनिटांचे असते; ते जीसेटिंग्जने कमी करावे. वीज आल्यावर जीव्हिम -आर व फाइलीचे नाव टंकले की मजकूर परत येतो. मात्र तो जपून घेतल्यावर जुनी स्वॅप फाइल हाताने पुसावी लागते, अन्यथा स्वॅप फाइल सापडल्याची सूचना पुढच्या वेळीही समोर येते.