गाडीवरचे रंगाचे शिंतोडे: आधी थेंब ओळखा, मग फडकं उचला

दसरा-दिवाळीच्या तोंडावर लातूर असो की जालना, गल्लीत एखाद्या तरी घराला रंग चाललेला असतोच. वर रोलर फिरतो, वारा सुटतो आणि खाली उभ्या गाडीच्या टपावर, बोनेटवर बारीक ठिपके बसतात. पेंटर लगेच थिनरचं फडकं पुढे करतो. ते घेऊ नका.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. माणसाचा केस सहसा क्लिअर कोटपेक्षा जाड असतो. चमक याच थराची, वाचवायचा तोच. थिनरने तो लगेच विरघळत नाही, कारण त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंतलेले असतात. पण थिनर त्यात मुरतो, थर फुगून मऊ पडतो आणि घासल्यावर कायमचा डाग राहतो. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या दारावर धोका मोठा. तिथे साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणजे असं जाळं नसलेला, असेल तर थिनर त्याला सरळ विरघळवतो. म्हणून कोणतंही द्रावण आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, की थांबा.

थेंब कसा वाळला, यावर तो कशाने निघेल हे ठरतं. डिस्टेंपर आणि इमल्शन पाण्यातले. पाणी उडालं की राळेचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, पण त्यांचं जाळं विणलं जात नाही. त्यामुळे शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल 10-15 मिनिटं ठेवला की बहुतेक ठिपके फुगतात आणि नखाने सुटतात. उरलेल्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच, तेवढ्याच पाण्यात मिसळून लावा. कापसाचा बोळा ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, मग एकाच दिशेने पुसा.

गेट-ग्रिलचा ऑइल पेंट वेगळा. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो आणि रोज थोडा थोडा जास्त कडक होत जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत टर्पेंटाइनचं फडकं पुरतं. महिन्याभराने ते नुसतं वरवर फिरतं.

चुन्याचा थेंब हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखा घट्ट होतो. त्यावर व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात लावलं की बारीक बुडबुडे येतात आणि तो भुसभुशीत होतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा. ओला चुना तीव्र अल्कली आहे, म्हणून त्याला रात्रभर ठेवू नका.

महामार्गावरच्या ताज्या पट्ट्यांचा रंग मडगार्डला लागला तर तो कोरडा घासूच नका. त्यात रात्री चमकण्यासाठी काचेचे बारीक मणी असतात. तेच पत्रा ओरखडतात. टर्पेंटाइनने भिजवून मऊ करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचला.

एवढं करूनही राहिलेल्या बारीक कणांसाठी क्ले बार, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. आधी गाडी नीट धुवा, कारण आपल्याकडची काळ्या मातीची धूळ क्लेखाली सापडली तर ओरखडे ठरलेलेच. लिटरभर पाण्यात चमचाभर शाम्पू टाकून ते सतत फवारा आणि क्लेचा चपटा तुकडा सरळ रेषेत हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला खरखर लागते, हात अडखळतो. कण निघाला की क्ले काचेवरून जावा तसा सरकतो. खालची बाजू मळली की घडी घालून स्वच्छ बाजू खाली आणा. क्ले जमिनीवर पडला तर धुऊन परत वापरू नका, फेकून द्या.

हे सगळं सावलीत करा. पत्रा चटका देत असेल तर अल्कोहोल काम करण्याआधीच उडून जातं आणि बोअरचं जड पाणी वाळून क्षारांचे पांढरे डाग सोडतं. हेडलाइटच्या काचेला टर्पेंटाइन वा थिनर लावू नका. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असते, त्यात जाळीसारख्या चिरा पडतात. काळ्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर आधीच मास्किंग टेप लावा.

शेवटी त्या जागेवर पाणी शिंपडून बघा. मोत्यासारखे थेंब न होता पाणी पसरलं, तर ठिपक्यासोबत वॅक्सही गेलं आहे. ते त्याच दिवशी नव्याने लावा.