साहेब अधिक तीन, कांदा उणे तीन

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, त्या दिवशी माझे मामा लासलगावात होते. निफाड तालुक्यात त्यांची तीन एकर जमीन, त्यातला निम्मा कांदा. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले आणि मामांचा ट्रॅक्टर भरल्या मालानिशी घरी परतला. संध्याकाळी मी फोन केला, तर निर्णय घेणाऱ्यांचा त्यांनी असा काही उद्धार केला की तो इथे छापता येणार नाही. पण त्याच निर्णयाची टीव्हीवर तरफदारी करणाऱ्या त्यांच्या लाडक्या नेत्याबद्दल एक अवाक्षर नाही! (मामा त्याला ‘साहेब’ म्हणतात. महाराष्ट्रात साहेब पुष्कळ आहेत, अंदाज बांधत बसू नका.) मी मुद्दाम छेडलं तेव्हा म्हणाले, “साहेबांना यातलं काय माहीत? हे सगळं दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचं काम.”

अशा माणसासाठी हल्ली एक शब्द फार स्वस्त झालाय, अंधभक्त. मला तो पटत नाही. मामा आंधळे नाहीत. व्यापाऱ्यानं पुकाऱ्यात क्विंटलमागे पाच रुपये इकडेतिकडे केले तर त्यांना ते लगेच कळतं. त्यांना निर्णय चुकलेला दिसत होता आणि साहेब आवडतही होते. एकाच डोक्यात या दोन गोष्टी कशा नांदतात, याचं गणित मानसशास्त्रानं गेली ऐंशी वर्षं मांडलंय. आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यामुळे मला त्यातला गणिताचाच भाग सगळ्यात आवडतो. वाचकांनी थोडा धीर धरावा.

१९४६ मध्ये फ्रिट्झ हायडर या मूळच्या ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञानं एक साधा त्रिकोण काढला. एका कोनात मी, दुसऱ्यात साहेब, तिसऱ्यात मुद्दा. प्रत्येक बाजूवर आवड असेल तर अधिकचं चिन्ह, नावड असेल तर उण्याचं. मला साहेब आवडतात, अधिक. साहेबांना निर्यातबंदी मान्य, अधिक. मला निर्यातबंदी नको, उणे. आता सातवीतला नियम आठवा आणि तिन्ही चिन्हांचा गुणाकार करा. उत्तर धन आलं तर त्रिकोण समतोल, ऋण आलं तर डोक्यात खडा टोचत राहतो. मामांचा गुणाकार ऋण येतो.

आता सुटका कशी करायची? कुठलंही एक चिन्ह बदललं की काम होतं. ‘साहेब मनातून उतरले’ हा झाला एक मार्ग. ‘निर्यातबंदी तशी वाईट नाही, शहरातल्या गरिबालाही कांदा परवडला पाहिजे’ हा दुसरा. आणि ‘साहेबांचा याला पाठिंबाच नाही, अधिकाऱ्यांनी केलं’ हा तिसरा. मामांनी फोनवर तिसरा निवडला. राजा भला, प्रधान लबाड, ही आपली फार जुनी सोय आहे.

पण नुसत्या चिन्हांनी हे कळत नाही की तीनपैकी कुठली बाजू बदलेल. ते उत्तर १९५५ मध्ये चार्ल्स ऑसगुड आणि पर्सी टॅनेनबाम या दोन संशोधकांनी देऊन पाहिलं. या लेखाचं निमित्त मामा असले, तरी खरं कारण हे सूत्र आहे. आवडीनिवडीला त्यांनी उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत पायऱ्या दिल्या. आवडता माणूस आणि नावडता मुद्दा एकत्र जोडले गेले, की दोघे एकमेकांकडे सरकतात आणि एकाच पायरीवर येऊन थांबतात. मात्र दोघे सारखे सरकत नाहीत. ज्याच्याबद्दलचं मत टोकाचं, तो कमी हलतो. ज्याच्याबद्दलचं मत लेचंपेचं, तो जास्त.

वही घ्या. साहेब अधिक तीन. मुद्दा असा, की जो तुम्हाला जरासाच खटकतो, उणे एक. दोघांतलं अंतर चार पायऱ्या. हे अंतर तीनास एक या प्रमाणात वाटायचं, पण उलटं: मुद्दा तीन पायऱ्या वर येतो, साहेब एकच पायरी उतरतात, दोघे अधिक दोनवर भेटतात. म्हणजे जी गोष्ट काल खटकत होती ती आज चक्क बरी वाटू लागली, आणि साहेबांचं फारसं बिघडलं नाही. मुद्दा उणे दोन असेल तर अंतर पाच, भेट अधिक एकवर. मुद्दा उणे तीन असेल तर अंतर सहा, दोघे तीन-तीन पायऱ्या चालून शून्यावर. आणि मुद्द्याबद्दल तुमचं काही मतच नसेल, म्हणजे शून्य? तर साहेब जागचे हलत नाहीत, मुद्दा धावत जाऊन अधिक तीनवर पोचतो. राजा बोले, दळ हाले!

गंमत लक्षात आली का? अधिक तीनचे साहेब असतील तर मुद्दा दर वेळी बरोबर तीन पायऱ्या चढतो. साहेबांनी किती उतरायचं, ते मात्र मुद्द्याच्या वजनावर ठरतं. आता साहेबांच्या जागी नवखा उमेदवार ठेवा, जो तुम्हाला अधिक एक इतपतच आवडतो, आणि मुद्दा तोच, उणे तीन. अंतर चार. या वेळी मुद्दा एकच पायरी चढतो आणि उमेदवार तीन पायऱ्या घसरतो. भेट उणे दोनवर. जी भूमिका मुरलेल्या नेत्याला पचते, तीच नव्याला का गाडते, हे एका भागाकारात कळतं.

ऑसगुड-टॅनेनबाम यांना एक अडचण आधीच दिसली होती. अधिक तीन आणि उणे तीन यांची जोडी समोर आली, की माणसं सरकायच्या आधी म्हणतात, हे खरंच नाही. म्हणून त्यांनी सूत्रात अविश्वासाची वजावट ठेवली: जोडी जितकी अशक्य वाटेल, तितकं सरकणं कमी. मामांचं ‘साहेबांना काय माहीत’ हे वाक्य या वजावटीत तंतोतंत बसतं. अर्थात जिवंत माणसं पायऱ्या मोजत चढत-उतरत नाहीत. सूत्रातून दिशा कळते. नेमका आकडा त्यातून काढायला जाऊ नये.

दिशा बाकी चांगलीच कळते. अमेरिकेत जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये छापलेले प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांपुढे गरिबांना मदत करणाऱ्या योजना ठेवल्या, एक सढळ हाताची, एक कंजूस. ही योजना तुमच्या पक्षाला मान्य आहे, एवढं कळलं की उदारमतवादी मुलं कंजूस योजनेलाही पाठिंबा देत आणि पुराणमतवादी मुलं सढळ योजनेलाही. पक्षाचा तुमच्यावर परिणाम झाला का, असं विचारलं तर उत्तर एकच, छे, आम्ही योजनाच तपासली.

पुढे मायकल बार्बर आणि जेरेमी पोप या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना आयता गिनिपिग सापडला, डोनाल्ड ट्रम्प. एकाच विषयावर त्यांनी कधी उजवी, कधी डावी भूमिका घेतलेली, त्यामुळे दोन्ही खऱ्याच. २०१७ च्या जानेवारीत या दोघा अभ्यासकांनी प्रयोग केला. ‘ट्रम्प यांची भूमिका डावी आहे’ असं सांगितलं, की रिपब्लिकन मतदार डावीकडे सरकले. ‘उजवी आहे’ म्हटलं की उजवीकडे. सरकण्यात आघाडीवर कोण, तर स्वतःला कट्टर पुराणमतवादी म्हणवणारे!

मग समर्थक मेंढरं आहेत असं म्हणावं, तर २१ ऑगस्ट २०२१ ची अलाबामातल्या कलमन गावची सभा आठवते. ट्रम्प यांनी कोरोनाची लस घ्या असं सांगितलं आणि त्यांच्याच चाहत्यांतून हुर्यो उठली. नेता तोच, गर्दी त्याचीच. पण लस हा त्या गर्दीतल्या अनेकांसाठी उणे तीनचा मुद्दा होता, आणि सूत्र काहीही म्हणो, तो जागचा हलला नाही.

कुठला मुद्दा कुणाला उणे तीन, हे मात्र बाहेरून सांगता येत नाही. येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा विषय २०२५ च्या नोव्हेंबरात निघाला, तेव्हा आमच्या सोसायटीतले एक काका, एरवी सत्ताधाऱ्यांचे खंदे पाठीराखे, हातात फलक घेऊन तपोवनात उभे होते. कांद्याच्या वेळी ते म्हणाले होते, शेतकरी नेहमीच रडतो. मामांना झाडांबद्दल विचारलं तर म्हणाले, “झाडं काय, पुन्हा लावता येतील.” एकाच पक्षाचे दोन मतदार, आणि एकाचं शून्य ते दुसऱ्याचं उणे तीन.

कधीकधी माणूस त्रिकोण तसाच टोचत ठेवतो, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात रवींद्रनाथ टागोर त्यांच्या बाजूचे, तरी त्यांनी जाहीर विरोध केला: निसर्गातल्या घटनेला नीतीची फूटपट्टी लावू नका. गांधीजींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला. नेहरूंनीही आत्मचरित्रात या विधानाचा धक्का बसल्याचं नोंदवलं, पण गांधीजींना सोडलं नाही. (भारतीय भूपट्ट रोज उत्तरेकडे रेटतोय, त्याला कुणाच्या पापपुण्याशी देणंघेणं नाही. तरी आजही अतिवृष्टी झाली की पापाचा घडा शोधणारे महाभाग भेटतातच, आणि ते सगळ्या पक्षांत आहेत.) आमच्या नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असं स्वच्छ लिहिलं. त्यांच्या चाहत्यांपुढे हा विषय काढून पाहा. वाद कुणी घालत नाही, चहा मागवला जातो. त्रिकोणाच्या त्या बाजूकडे बघायचंच नाही, हाही एक मार्गच.

नीतीचा प्रश्न आला की गणित जरा वेगळं वळण घेतं. नेता लाच खाताना किंवा घरच्यांशी वाईट वागताना दिसला, तर समर्थक दोन गोष्टी करू शकतो. एक, ‘सगळेच खातात’ म्हणून ते कृत्यच सौम्य करायचं. पण असं म्हणताना स्वतःलाच अपराधी वाटतं. दुसरी युक्ती अमित भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवली, आणि ती अधिक चलाख आहे: कृत्य वाईटच, पण त्याचा कामाशी संबंध नाही. तोडून टाकायचं. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या नाहीत, लाथ ती लाथ, दूध ते दूध. अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या, ख्रिश्चनांना २०११ मध्ये विचारलं होतं की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला पुढारी सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकतो का. ३० टक्के हो म्हणाले. हाच प्रश्न २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, विचारला तेव्हा ७२ टक्के. पाच वर्षांत धर्मग्रंथ काही बदलला नव्हता.

निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, २० मे ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं. पुढे दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा त्यांच्यापुढे वही ठेवली आणि म्हटलं, “मामा, उणे तीन ते अधिक तीन. साहेबांना किती?”

“दोन.”

“निर्यातबंदीला?”

“उणे तीन. त्याच्याखाली आकडा नाही का?”

मी त्यांना समजावलं की हे सूत्रात बसत नाही, दोघांना एका पायरीवर यावंच लागतं. वहीत दोन्ही आकड्यांच्या मधे रेघ मारून दाखवली. मामांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

“साहेब वेगळे, कांदा वेगळा,” ते म्हणाले. “ही मधली रेघ तू मारलीस.”