आग नसताना हायड्रंट का उघडतात?

रस्त्याच्या कडेचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायला जलवाहिनीतून पाणी घ्यायचा मोठा नळ, उघडलेला आहे, कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी धो धो वाहतंय, आणि आग तर कुठेच लागलेली नाही. असं दृश्य पाहून जीव हळहळतो. पण हे पाणी वाया जात नसतं. ते जमिनीखालची जलवाहिनी धूत असतं.

आग विझवायला लागणारा मोठा प्रवाह मावावा म्हणून मुख्य जलवाहिनी रुंद ठेवतात. घरांची रोजची गरज त्या मानाने किरकोळ, त्यामुळे एरवी तिच्यातलं पाणी संथ सरकतं. रात्री तर जवळजवळ थबकतंच. संथ पाण्यात गाळ बसणारच. पाण्यात विरघळलेल्या लोह-मँगनीजचे क्लोरीनमुळे घट्ट कण होतात आणि तळाशी साचतात. जुन्या बिडाच्या नळात आतून गंजाच्या गाठी धरतात. वाहिनी जिथे संपते त्या बंद टोकाची अवस्था सगळ्यात वाईट. तिथे पाणी पडून राहतं, त्यातला क्लोरीन सरतो आणि जंतूंना थारा मिळतो.

हा थर खरवडायचा तर पाण्याला सेकंदाला साधारण १.५ मीटर वेग द्यावा लागतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत याचा अर्थ मिनिटाला जवळपास १,६०० लिटर! मिनिटाला १० लिटर देणारे १६० नळ एकदम सोडले तर कुठे एवढं पाणी वाहील. हायड्रंट मात्र एकटा हे काम करू शकतो. नेटकं काम करणारे आधी आजूबाजूचे व्हॉल्व्ह बंद करून पाणी एकाच दिशेने वळवतात आणि स्वच्छ झालेल्या भागाकडून पुढे सरकत जातात, म्हणजे सुटलेला गाळ धुतलेल्या नळात परत शिरत नाही.

हायड्रंट सावकाश बंद करणं तर फारच महत्त्वाचं. सेकंदाला १ मीटर वेगाने धावणारं पाणी क्षणात अडवलं, तर लोखंडी वाहिनीत सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा जादा दाब उसळतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून या 'जलाघाता'चं गणित मांडलं. अशा धक्क्याने नळ फुटू शकतो, आणि नाही फुटला तरी आतला गंज हादरून सुटतो.

आता घरातलं. प्रवाहाची दिशा आणि वेग बदलला की शेजारच्या गल्लीतलाही गाळ उठतो आणि काही तास नळाला तांबूस पाणी येतं. ते काचेच्या पेल्यात भरून ठेवा. तळाशी तपकिरी कण बसले तर तो बहुतेक लोहाचा गंज. काळपट कण असतील तर मँगनीज. दुधासारखं पांढरं पाणी तळाकडून वर निवळत गेलं, तर ती नुसती हवा.

लोहाच्या रंगाने सहसा अपाय होत नाही, तरी पाणी नितळ होईपर्यंत ते पिऊ नये, स्वयंपाकालाही घेऊ नये. घराला येणारा नळ शिशाचा असेल तर हे कटाक्षाने पाळा, कारण गंजाचे कण शिसं धरून ठेवतात आणि हादऱ्याने ते सुटू शकतं. काम चालू असताना गरम पाण्याचा नळ सोडू नका, नाहीतर गाळ गिझरच्या टाकीत जाऊन बसेल. काम संपलं की गार पाण्याचा नळ पूर्ण सोडून पाणी नितळ होईपर्यंत वाहू द्या. मग नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहा, तिच्यात बारीक कच अडकलेली सापडेल. ती धुऊन परत बसवा.

आणि पांढरे कपडे त्या दिवशी धुवूच नका. चुकून डाग पडलेच तर क्लोरीनच्या ब्लीचला हात लावू नका. त्याने लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन डाग कायमचा बसतो. कपडा ओलाच ठेवा आणि स्वच्छ पाणी आलं की पुन्हा धुवा. वाळला की तो डाग निघता निघत नाही.