न जाणवणाऱ्या मात्रेचा हिशेब

किरणोपचाराच्या टेबलावर झोपलेल्या रुग्णाला उपचार चालू असताना सहसा काहीही जाणवत नाही. यंत्राचा अवजड हात त्याच्याभोवती फिरतो, थोडी घरघर ऐकू येते आणि काही मिनिटांत त्याला उठायला सांगितले जाते. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा १ ग्रे होते. नेहमीच्या उपचारात रोज साधारण २ ग्रे दिले जातात आणि एवढ्या ऊर्जेने त्या भागाचे तापमान जेमतेम ०.०००५ अंश सेल्सिअसने वाढते. तरीही ती पेशींतील डीएनए तोडण्यास पुरेशी ठरते, कारण ती उष्णतेसारखी सर्वत्र सारखी पसरत नाही, तर अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवत नेमक्या जागी घाव घालते. मात्रा कमी पडली की जास्त झाली, हे त्या क्षणी ना रुग्ण सांगू शकतो ना डॉक्टर. म्हणून ती मोजणारा माणूस लागतो, आणि तो म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट.

किती मात्रा कुठे द्यायची हे कर्करोगतज्ज्ञ ठरवतात आणि यंत्र टेक्नॉलॉजिस्ट चालवतात; पण कागदावर लिहिलेले २ ग्रे शरीरात खरोखर २ ग्रेच पोहोचतील याची जबाबदारी फिजिसिस्टची असते. एकूण चूक ५ टक्क्यांच्या आत राहावी असा दंडक आहे. तो कडक वाटला तरी अवाजवी नाही, कारण गाठ आटोक्यात येण्याची आणि निरोगी ऊतींना इजा होण्याची शक्यता मात्रेतल्या थोड्याशा फरकानेही बरीच बदलते.

या कामाचा पाया पाण्याच्या टाकीत आहे. मानवी शरीर बहुतांशी पाण्याचे असल्यामुळे लिनॅक, म्हणजे किरण निर्माण करणारे यंत्र, आधी पाण्यावर तपासले जाते. टाकीत १० सेंटिमीटर खोलीवर पेन्सिलीएवढ्या जाडीचा आयन चेंबर बसवतात. त्यात हवेने भरलेली सुमारे ०.६ घनसेंटिमीटरची पोकळी असते. किरणांमुळे त्या हवेत जो विद्युतभार निर्माण होतो तो मोजून मात्रा काढली जाते. गंमत अशी की ही पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी असते. खोली तापली की पोकळीतली हवा विरळ होते आणि आकडा कमी येतो. २० अंशांऐवजी तापमान २५ अंश असेल, तर केवळ तेवढ्याने पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. हवेच्या दाबाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर दाब सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. पण हवामानाच्या बातम्यांत सहसा समुद्रसपाटीला आणून ठेवलेला आकडा दिला जातो. तोच वापरला, तर यंत्र कमी किरण देत आहे असा भास होतो, त्याची मात्रा वाढवली जाते, आणि मग प्रत्येक रुग्णाला रोज ७ टक्के जादा मात्रा मिळत राहते. महागडी मापनयंत्रे असूनही सगळे भिंतीवरच्या दाबमापकावर अडते, हे मला या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

यंत्राचा भरवसा पटल्यावर प्लॅनिंगचे काम येते. सीटी स्कॅनवर डॉक्टर गाठीची आणि जपायच्या अवयवांची सीमा आखतात. घशाच्या गाठीला उपचाराच्या ३५ दिवसांत मिळून ७० ग्रे द्यायचे असतात, तर काही सेंटिमीटरवरच्या मज्जारज्जूला ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचे नसते. टंगस्टनच्या पातळ पट्ट्या पुढे-मागे सरकवून किरणांना आकार दिला जातो आणि संगणक असंख्य मांडण्या करून पाहतो. शेवटी जो आलेख समोर येतो, त्यात कोणत्या अवयवाच्या किती भागाला किती मात्रा मिळाली हे कळते. मात्र अधिक मात्रेचा एखादा ठिपका नेमका कुठे पडला हे त्यात दिसत नाही. आलेख सुबक म्हणून प्लॅन चांगला असे मानणारा फिजिसिस्ट फसतो. त्याला स्कॅनची एकेक चकती स्वतः पाहावी लागते.

संगणकावर विसंबण्याचा धोका इंग्लंडमधल्या एका घटनेने दाखवून दिला. तेथील एका रुग्णालयात १९८२ मध्ये नवी संगणकप्रणाली आली. अंतरानुसार मात्रेत करायची दुरुस्ती ती स्वतःच करत होती. कर्मचारी मात्र जुन्या सवयीने तीच दुरुस्ती हाताने पुन्हा करत राहिले. १९९१ मध्ये चूक उघडकीस येईपर्यंत सुमारे १००० रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी मात्रा मिळाली होती. कमी मात्रेने कोणाची त्वचा भाजत नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. परिणाम दिसतो तो कधीतरी गाठ परत आल्यावर.

म्हणूनच आता प्लॅनचा हिशेब दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने पडताळला जातो. गुंतागुंतीच्या प्लॅनसाठी, दिवसभराचे रुग्ण गेल्यावर, टेबलावर माणसाऐवजी प्लॅस्टिकचा ठोकळा ठेवून तोच उपचार जसाच्या तसा चालवतात. ठोकळ्यातल्या शेकडो संवेदकांनी टिपलेले आकडे संगणकाच्या अंदाजाशी जुळवून पाहिले जातात. यात मात्रेतला ३ टक्के आणि जागेतला २ मिलिमीटर फरक चालवून घेण्याची रीत आहे. बहुतेक बिंदू या मर्यादेत बसले नाहीत, तर आधी ठोकळ्याची मांडणी पुन्हा तपासायची, मग यंत्र पाहायचे, आणि तरीही कारण सापडले नाही तर प्लॅन नव्याने करायचा व रुग्णाची तारीख पुढे ढकलायची.