ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना होणाऱ्या त्रासाची पूर्वपीठिका

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी सगळा कारभार चालवणारी मूळ प्रणाली, बदलली की पहिले काही आठवडे माणूस बेजार होतो. रोजचा प्रिंटर ओळखला जात नाही, सवयीची कळ दाबली तर भलतेच घडते आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारा एखादा प्रोग्रॅम उघडायलाच तयार नसतो. या त्रासाचे खापर बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्याच माथी फुटते. त्याला नवे काही शिकायचे नाही, असे म्हणून विषय मिटवला जातो. इतिहास पाहिला तर हे म्हणणे टिकत नाही. जुने काम नव्या यंत्रावर नेण्याची जबाबदारी निर्मात्यांनी स्वतः उचलली तेव्हा बदल सुसह्य झाला, आणि ती वापरणाऱ्यावर ढकलली गेली तेव्हा असंतोष उसळला, हे गेल्या साठ वर्षांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा हाच प्रश्न कंपनीसमोर होता. तोपर्यंत कंपनीच्या एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालेलच असे नव्हते, त्यामुळे मोठे यंत्र घ्यायचे म्हणजे सगळे काम नव्याने लिहून काढायचे, अशी ग्राहकांची स्थिती होती. नव्या मालिकेतील लहानमोठी यंत्रे एकमेकांशी सुसंगत ठेवण्यात आली, आणि जुन्या १४०१ या लोकप्रिय संगणकाचे प्रोग्रॅम तसेच्या तसे चालावेत म्हणून नव्या यंत्रात त्याची हुबेहूब नक्कल करण्याची सोय दिली गेली. अनेक ग्राहकांनी महागडे नवे यंत्र विकत घेऊन त्यावर पुढील कित्येक वर्षे जुनेच प्रोग्रॅम चालवले. यात त्यांचा आळस पाहणे चुकीचे ठरेल. पगारपत्रके आणि हिशेब वेळेवर निघणे त्यांच्यासाठी नव्या सोयींपेक्षा महत्त्वाचे होते.

वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत अडचणीचे मूळ आणखी बारीकसारीक गोष्टींत आहे. १९८१ मध्ये आयबीएम पीसीसोबत आलेल्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमने गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीकडून ड्राइव्हची अक्षरे, आठ अक्षरी नाव आणि त्यापुढे तीन अक्षरी प्रत्यय अशी रचना उचलली. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि प्रिंटर किंवा कीबोर्ड यांना ‘पीआरएन’, ‘कॉन’ अशा राखीव नावांनी हाक मारली जात असे. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. तिरपी रेघ आधीच आज्ञांमधील पर्याय दाखवण्यासाठी वापरात असल्याने फोल्डर वेगळे करण्यासाठी उलटी तिरपी रेघ घ्यावी लागली. युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या धर्तीवरचे लिनक्स यांच्या परंपरेत हे दोन्ही निर्बंध नाहीत, उलट तिथे लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी मानली जातात. म्हणून लिनक्सवर शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन फाइल विंडोजवर नेल्या की नावे एकच ठरून आपटतात. वापरणाऱ्याला हा निव्वळ खोडसाळपणा वाटतो, पण त्यामागे चाळीस वर्षांपूर्वीचे व्यवहारी निर्णय आहेत.

सर्वांत जवळून जाणवणारे उदाहरण मजकूर कॉपी करण्याचे आहे. झेड, एक्स, सी आणि व्ही या एका ओळीतील कळा पूर्ववत करणे, कापणे, कॉपी करणे आणि चिकटवणे यांसाठी अ‍ॅपलने १९८३ च्या लिसा संगणकावर आणि पुढच्या वर्षी मॅकिन्टॉशवर रुळवल्या, आणि त्यांच्या जोडीला स्वतःची वेगळी कळ दिली, जी पुढे कमांड म्हणून ओळखली गेली. आयबीएमने १९८७ मध्ये मांडलेल्या नियमावलीत याच कामांसाठी शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट होते, आणि विंडोजने आधी तेच पाळले. नंतर अ‍ॅपलची अक्षरे स्वीकारली, पण पीसीच्या कीबोर्डवर कमांड नसल्याने ती कंट्रोलला जोडली. इकडे टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याच्या खिडकीच्या, जगात कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅम तत्काळ थांबवणे, हा संकेत आधीपासूनच पक्का होता. परिणामी विंडोजवरून लिनक्सवर आलेला माणूस टर्मिनलमधील ओळ कॉपी करायला जातो आणि चालू असलेले काम बंद पाडतो. तिथे त्याला शिफ्टही दाबावे लागते. मॅकवर आलेल्याला हा धोका नसतो, पण कोपऱ्यातील कंट्रोलकडे जाणारी करंगळी आवरून स्पेसबारशेजारच्या कमांडवर अंगठा नेण्याची सवय लावावी लागते. ही सवय बुद्धीची नसून बोटांची असते, म्हणून नियम समजला तरी हात चुकत राहतो.

अशीच विसंगती साध्या मजकुराच्या फाइलमध्येही आहे. ओळ संपल्याची खूण विंडोजमध्ये दोन चिन्हांची, तर युनिक्स आणि लिनक्समध्ये एकाच चिन्हाची आहे, आणि हा फरक टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आला आहे. लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसत असे. नोटपॅडमध्ये ही सुधारणा २०१८ मध्ये झाली, हा उशीर समर्थनीय वाटत नाही. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना घड्याळही छळते: विंडोज मदरबोर्डवरील घड्याळ स्थानिक वेळेला लावते, लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेला लावलेले आहे असे धरून चालते, आणि एका प्रणालीतून दुसरीत गेले की वेळ काही तासांनी चुकते.

मायक्रोसॉफ्टने जुने सांभाळण्याबाबत एके काळी विलक्षण काळजी घेतली होती. विंडोज ९५ ची आवृत्ती ४.० असली तरी जुन्या प्रोग्रॅमने विचारणा केल्यास ती स्वतःची आवृत्ती ३.९५ सांगत असे, कारण आवृत्तीची तुलना सदोष पद्धतीने करणारे प्रोग्रॅम ४.० ऐकून बंद पडले असते. चूक त्या प्रोग्रॅमच्या लेखकांची होती, पण ग्राहकाच्या दृष्टीने दोष नव्या विंडोजवरच आला असता, हे कंपनीने ओळखले होते. अ‍ॅपलचा मार्ग निराळा राहिला. १९९४ मध्ये प्रोसेसर बदलताना, २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आणताना आणि २००६ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरकडे वळताना कंपनीने जुने प्रोग्रॅम चालवणारा पूल प्रत्येक वेळी उत्तम बांधला, मात्र काही वर्षांनी तो बहुधा काढूनही टाकला. इंटेलच्या वेळचा ‘रोझेटा’ २०११ च्या आवृत्तीतून गेला, आणि २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीने जुन्या ३२-बिट पद्धतीचे प्रोग्रॅम सरसकट बंद केले. ज्याचा निर्माता व्यवसायातून बाहेर पडला आहे अशा प्रोग्रॅमवर अवलंबून असलेल्यांना त्यावर उपाय उरला नाही.

विंडोज व्हिस्टाची कहाणी थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्याविषयीचा राग आजही चुकीच्या कारणाने आठवला जातो. तिच्या आधीच्या विंडोज एक्सपीमध्ये बहुतेक लोक पूर्ण अधिकारांच्या खात्यातूनच काम करत आणि प्रोग्रॅमही तेच गृहीत धरून लिहिले जात; व्हायरसना त्यामुळे रान मोकळे होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टाने हे बंद करायचे ठरवले, आणि प्रत्येक महत्त्वाच्या बदलापूर्वी परवानगी विचारायला सुरुवात केली. त्याच वेळी पडदा आणि ध्वनी यांच्या ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमची, रचना बदलली. दोन्ही निर्णय आवश्यक होते. पण ड्रायव्हर लिहिणे हे प्रिंटर, स्कॅनर आणि ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्यांचे काम होते, ते वेळेत झाले नाही, आणि जुन्या मॉडेलांसाठी पुष्कळदा झालेच नाही. ऑक्टोबर २००९ मधील विंडोज ७ चे सर्वत्र स्वागत झाले, त्यामागे व्हिस्टाच्या ग्राहकांनी सोसलेली पावणेतीन वर्षे आहेत; तोवर ड्रायव्हर तयार झाले होते आणि प्रोग्रॅम सुधारले होते.

विंडोज ८ ला अशी सबब देता येत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढून टाकले गेले आणि संगणक बंद करण्याचा पर्याय पडद्याच्या कडेतून उघडणाऱ्या पट्टीत गेला. माउस वापरणाऱ्यांवर स्पर्शपडद्याची मांडणी लादली गेली. वर्षभरात बटण परत आणावे लागले. लिनक्सच्या जगातही २०११ मध्ये नोम या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने ओळखीची मांडणी मोडली होती, पण तिथे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर (सोर्स कोड) सर्वांना खुला असल्याने नाराजांनी जुन्या नोमवरून ‘माटे’ पुढे चालवला, तर लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ उभा केला. निर्णय मान्य नसेल तर पर्याय उभारण्याची ही मुभा फार मोलाची आहे.

अर्थात खुली प्रणाली घेतली म्हणजे अडचणी संपतात असे नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. त्यासाठी कार्यालयीन पत्रांचे नमुने आणि मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, नव्याने बसवावे लागले, आणि बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण हा कायमचा तक्रारीचा विषय राहिला. २०१७ मध्ये महापालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले.

सध्याचा पेच यंत्राशीच निगडित आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर सक्तीचे केले, त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक अधिकृतपणे अपात्र ठरले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अशा संगणकांच्या मालकांपुढे आता सुरक्षा-अपडेटची मर्यादित मुदतवाढ घेणे, लिनक्स बसवणे किंवा धडधाकट यंत्र टाकून नवे विकत घेणे एवढेच मार्ग आहेत. मुदतवाढ संपली की त्यांतला पहिलाही बंद होतो.