‘विझर्ड ऑफ ऑझ’ पहिला रंगीत सिनेमा? नाही हो!

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ म्हणजे जगातला पहिला रंगीत सिनेमा, असं लोक अजूनही ठासून सांगतात. पण हा पिक्चर १९३९चा, आणि थ्री-स्ट्रिप टेक्निकलरमधला (म्हणजे तीन फिल्मपट्ट्यांवर रंग टिपायच्या पद्धतीतला) पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा ‘बेकी शार्प’ १९३५ लाच येऊन गेला होता, मग १९३७ ला डिस्नेची ‘स्नो व्हाइट’, १९३८ ला एरल फ्लिनचा ‘रॉबिन हूड’, आणि त्याआधीची दोन रंगांची जुनी पद्धत तर वेगळीच.

घोळ होतो तो त्या दारामुळे. नायिका डोरथीचं अमेरिकेतलं गाव, कॅन्सस, सगळं तपकिरी, ती दार उघडते आणि बाहेर ऑझच्या जादुई दुनियेत एकदम रंगच रंग. गंमत म्हणजे तो शॉट रंगीत फिल्मवरच घेतलाय, घराचा आतला भाग तपकिरी रंगवून टाकला, डोरथी झालेल्या ज्युडी गार्लंडच्या जागी तपकिरी ड्रेसमधली डबल उभी केली, ती दार उघडून बाजूला होते आणि निळ्या ड्रेसमधली खरी ज्युडी पुढे येते! भारीच डोकं लावलंय राव.

बरं, याचं बीजही मूळ लेखक एल. फ्रँक बॉमच्या १९०० च्या कादंबरीतच आहे, तिथलं कॅन्सस करडंच आहे. डोरथीचे जादुई बूट मात्र पुस्तकात चांदीचे होते, सिनेमात ते लाल केले कारण टेक्निकलरमध्ये लाल जास्त उठून दिसतो.