सोपी स्क्रीन आणि फायद्याची स्क्रीन

अॅपचं किंवा वेबसाइटचं नवं डिझाइन लाइव्ह होतं, नोंदणी वाढते आणि बैठकीत कोणीतरी म्हणतंच, "बघा, यूजेबिलिटी सुधारली." हे वाक्य मला दर वेळी खटकतं. वाढली ती नोंदणी. स्क्रीन वापरायला सोपी झाली का, हे अजून कोणी तपासलेलंच नाही.

यूजेबिलिटीची व्याख्या आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे (१९९८, सुधारित २०१८). ठरावीक वापरकर्त्याला, ठरावीक परिस्थितीत, आपलं काम नीट पुरं करता येतं का, किती खटपटीत आणि किती समाधानाने? हे कळायला माणूस समोर बसवावा लागतो. त्याला काम द्यायचं, मधे बोलायचं नाही, तो कुठे अडखळतो ते टिपायचं. शेवटी बरेच जण त्याच्याकडून एसयूएस (सिस्टिम यूजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली भरून घेतात. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही १० विधानं ० ते १०० गुण देतात. हे गुण म्हणजे टक्के नव्हेत. ६८ च्या आसपास तर सरासरीच येते.

व्यवसायाचे आकडे वेगळे: किती जणांनी खरेदी केली, किती सोडून गेले, सपोर्टला किती फोन आले. ए/बी टेस्टमधून, म्हणजे दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून, कोणती जास्त चालली ते कळतं. का चालली, ते कळत नाही.

यूजेबिलिटी आणि व्यवसायाचे आकडे यांतली गल्लत सर्वात महाग पडते ती 'रद्द करा' बटणापाशी. ते चार स्क्रीनआड दडवलं की सोडून जाणारे कमी होतात. आकडा छान दिसतो, पण वापरणारा अडकलेला असतो. डिझाइनतज्ज्ञ हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. प्राइमचं सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये अॅमेझॉनवर खटला भरला; २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

उलटंही घडतं. अगदी सोपी स्क्रीन, पण त्या सोयीची गरजच कोणाला नाही.

म्हणून मी आधी उद्दिष्ट विचारते आणि चाचणीतलं काम त्यातूनच काढते. सपोर्टचे फोन कमी करायचे असतील, तर समोरच्याला सांगायचं, "पासवर्ड स्वतः बदलून दाखवा." तो बदलता आला आणि फोनही घटले, तर बदल ठेवायचा. फोन घटले, पण पासवर्ड कोणालाच बदलता येत नसेल, तर सपोर्टचा नंबर कुठे गायब झालाय ते आधी शोधायचं.